पुढे पंधरा, मागे बहात्तर

आमच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर येतात, फवारणीचे पंप येतात, मोटरसायकली तर बाराही महिने येतात. रेसची गाडी मात्र आजवर कधी आमच्या दारी आली नव्हती. ती गेल्या उन्हाळ्यात आली, आणि तीही संत्र्याच्या ट्रकमधून. मृग बहाराचा शेवटचा माल कोल्हापूरला उतरवून एक ओळखीचा ट्रक रिकामा मोर्शीकडे परतत होता. आमच्या दुल्हेभाईंनी ड्रायव्हरला गाठलं आणि रिकाम्या क्रेटच्या मागे ताडपत्रीत गुंडाळून गाडी चढवून दिली. त्यामागोमाग आपा, भाचा आणि भाची महाराष्ट्र एक्सप्रेसने बडनेऱ्याला उतरले. दुल्हेभाईंना सुट्टी नव्हती. ते शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये फोरमन आहेत.

ताडपत्री सोडली तेव्हा गल्लीतली सगळी पोरं जमली. लोखंडी नळ्यांची चौकट, चार बुटकी चाकं, प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीच्या बाजूला फवारणीच्या पंपाला असतं तसलंच चार-स्ट्रोक इंजिन. गिअरबॉक्स नाही, डिफरन्शियल नाही, स्प्रिंगा नाहीत. इंजिनावरून निघालेली चेन सरळ मागच्या धुरीवर जाते, एवढाच कारभार. याला गो-कार्ट म्हणतात. 1956 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गवत कापायच्या मशीनचं इंजिन नळ्यांच्या चौकटीवर बसवून पहिली कार्ट बनवली, आणि आजही तिची मांडणी जवळजवळ तीच आहे. एका शेतकरी गिऱ्हाईकाने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, ‘‘याले गिअर कुठी हाये?’’ आम्ही मागच्या धुरीवरची चकती दाखवली. ‘‘मंग बदलवता कसा?’’ ‘‘पाना घेऊन.’’ तो हसला. पण सगळी गोष्ट त्याच उत्तरात होती. मोटरसायकलवाला चालता चालता गिअर टाकतो. कार्टवाल्याला गिअर घरूनच ठरवून न्यावा लागतो, आणि मग तोच पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत चालवावा लागतो.

भाचा दहा वर्षांचा. कोल्हापुरात गाड्यांचं वेड पिढ्यानपिढ्यांचं. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. दुल्हेभाई मुलाला बघायला घेऊन गेले आणि मुलापेक्षा जास्त तेच भारावून परतले. मग घरात नावं घुमायला लागली. नारायण कार्तिकेयन, जो 2005 मध्ये फॉर्म्युला वनला पोचलेला पहिला भारतीय. आग्र्याचा शहान अली मोहसिन, जो लहानपणापासून कार्ट चालवत राष्ट्रीय विजेता झाला. आणि अकबर इब्राहिम, जे स्वतः जुने रेसर. त्यांच्या मेको मोटरस्पोर्ट्सने देशात रोटॅक्स मॅक्सच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या आणि मोटर खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्षही राहिले. शेवटची दोन नावं दुल्हेभाई जरा जास्त जोर देऊन घेत. आपल्याकडची मुलंही यात आहेत, हे त्यांना आम्हाला सांगायचं असे, आणि ते आम्हाला कळतही असे.

पण या खेळाचा खर्च आम्हाला दोन दिवसांत कळला. खऱ्या स्पर्धेतलं इंजिन, दर फेरीचे नवे टायर, हेल्मेट, मानेचा पट्टा, प्रवास. पगारदार घराला हे पेलणारं नाही. आपाने पहिल्याच दिवशी एक मर्यादा आखून घेतली होती. गाडी जुनी, तीही एका जुन्या मोटरसायकलच्या किमतीत. दोन वर्षं फक्त शिकायचं. मुलाचा अभ्यास मागे पडला तर गाडी विकायची. हे तिने वहीत लिहून दुल्हेभाईंची सही घेतली होती. वही आम्ही पाहिली आहे.

अब्बांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी आधी विचारलं, यात पैसे लावतात का? आम्ही म्हटलं, नाही. लावणारे कुठेही लावतात, पण आपण फक्त मुलाला चालवायला शिकवतोय. मग म्हणाले, ‘‘आणि इसराफ?’’ याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आपा म्हणाली, ‘‘अब्बा, लग्नात आपण मांडवावर केलेला खर्च होता ना, त्याच्याहून हे कमी आहे.’’ अब्बा गप्प झाले. तेव्हा पटलं म्हणून की लाजून, ते आम्हाला आजही सांगता येणार नाही.

गाडी चालवायला जागा हवी होती. वरुड रोडला आमच्या ओळखीचं एक जिनिंग आहे. कापसाचा हंगाम संपला की त्याचं काँक्रीटचं आवार रिकामं पडतं. मालकाने सकाळची परवानगी दिली. मे महिन्यात वऱ्हाडात दुपारी शिकवणं शक्यच नाही, पत्र्याला हात लावला तर फोड येतो. म्हणून फजरची नमाज झाली की निघायचं आणि आठच्या आत परत यायचं. जुने टायर आणि संत्र्याचे क्रेट मांडून आम्ही वळणं आखली. एक सरळ पट्टा साधारण सत्तर पावलांचा, दोन साधी वळणं आणि एक अगदी आवळलेलं, उलट फिरवणारं वळण. क्रेटच्या मागे भिंतीपर्यंत भरपूर मोकळी जागा सोडली. ही जागा आपाने स्वतः चालून मोजली.

आता चूक आमची.

गाडी आली तेव्हा इंजिनावर 15 दात्यांची गरारी होती आणि धुरीवर 54 दात्यांची. आधीच्या मालकाने ती आपल्या मोठ्या मुलासाठी, लांब पट्ट्याच्या ट्रॅकवर पळवायला लावलेली. आम्ही दोघे भाऊ पंचवीस वर्षं चेन-स्पॉकेट बसवतोय. 54 आणि 15 पाहून आम्हाला लगेच कळायला हवं होतं. पण दुल्हेभाईंनी फोनवर सांगितलं होतं, ‘‘गाडी पन्नासला जाते, हात लावू नका.’’ आणि खरं सांगायचं तर आम्हालाही पन्नासचा आकडा आवडला. भाचा आहे, रेसची गाडी आहे, लोक बघायला येणार. ताशी एकोणचाळीस म्हणायला तोंड कसं उघडावं?

पहिल्या सकाळी तो बिस्मिल्लाह म्हणून बसला. सरळ पट्ट्यावर बरा गेला. आवळलेल्या वळणावर ब्रेक मारला, वळला, पेडल दाबलं, आणि गाडी नुसती घुरघुरत राहिली. इंजिन ओरडतंय, गाडी चालेना. मग अचानक झटका बसून ती पुढे उसळली. तो घाबरला आणि पाय उचलला. पुन्हा तेच. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी जळका वास यायला लागला. आम्ही भिंतीजवळ उभे राहून ओरडत होतो, ‘‘पाय दाब! पाय का काढतोस? घाबरू नको!’’ गल्लीतली दोन पोरं हसली. आम्ही त्यांना हाकललं, पण भाच्याला तो आवाज ऐकू गेला होता.

चौथ्या दिवशी फजरनंतर तो उठलाच नाही. म्हणाला, पोटात दुखतंय. आपाने त्याच्या कपाळावर हात ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

भाची चौदा वर्षांची, नववी संपलेली. तिला गाडीत रस नाही, आकड्यांत आहे. ती तिन्ही दिवस क्रेटवर बसून मोबाईलवर व्हिडिओ काढत होती आणि वहीत वेळा लिहीत होती. त्या सकाळी तीच गॅरेजमध्ये आली. म्हणाली, ‘‘मामू, त्या वळणावर तो किती वेगाने असतो, तुम्हाला माहीत आहे का?’’ आम्हाला माहीत नव्हतं. तिने वळणाच्या टोकाशी टेपने दहा मीटर मोजून दोन खुणा केल्या होत्या. व्हिडिओत तेवढं अंतर जायला त्याला 1.6 सेकंद लागत होते. सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर. ‘‘आता इंजिन तेव्हा किती फिरायला हवं, ते तुम्ही सांगा.’’

हा हिशेब कुणालाही करता येतो, म्हणून इथे मांडतो. मागच्या टायरवर खडूची खूण केली, गाडी एक पूर्ण फेरा ढकलली आणि जमिनीवरचं अंतर मोजलं. 86 सेंटीमीटर भरलं. मागचे दाते भागिले पुढचे दाते, म्हणजे 54 भागिले 15, आलं 3.6. याचा अर्थ, इंजिन 3.6 वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. आमचं इंजिन गव्हर्नरवर मिनिटाला 3600 फेऱ्यांना थांबतं. तेव्हा चाक 1000 वेळा फिरणार, 860 मीटर कापणार, तासाला साधारण 52 किलोमीटर. दुल्हेभाई बरोबरच होते, गाडी पन्नासला जात होती. कागदावर.

पण खालचं टोक कुणी पाहिलं नव्हतं. कार्टचा क्लच स्कूटीत असतो तसा आपोआप लागणारा असतो. फेऱ्या कमी असताना तो सुटलेला असतो. फेऱ्या वाढल्या की आतले बूट बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. आमच्या क्लचची पूर्ण पकड साधारण 2000 फेऱ्यांना येत होती. हे प्लगच्या वायरवर गुंडाळायच्या मीटरने पाहिलं. 2000 ला 3.6 ने भागा, 86 सेंटीमीटरने गुणा. ताशी जवळजवळ 29 किलोमीटर. म्हणजे गाडी 29 च्या खाली असली की क्लच घसरणार, तापणार, वास मारणार आणि मग कधीतरी झटक्याने धरणार. आणि आमचा दहा वर्षांचा पोरगा वळणावर साडेबावीसने, त्याच्या वयाला आणि तीन दिवसांच्या अनुभवाला शोभेल अशाच वेगाने येत होता.

तो पाय काढत होता तो भित्रा म्हणून नव्हे. झटका कधी बसेल, हे त्याला कळत नव्हतं म्हणून काढत होता. आम्हालाही कळलं नसतं.

आम्ही दोघे घरी गेलो. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. थोरल्याने सांगितलं, ‘‘बेटा, गाडी चुकीची लावली होती. तुझी नाही, आमची गलती होती.’’ त्याने वळून विचारलं, ‘‘खरंच? की मी रडलो म्हणून म्हणताय?’’ भाचीने वही पुढे केली. त्याने आकडे दोनदा वाचले. आमच्या शब्दापेक्षा बहिणीच्या आकड्यांवर त्याचा जास्त विश्वास होता, आणि त्याचं काही चुकलं नाही.

त्या संध्याकाळी असरनंतर अब्बांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ तसबीह फिरवत राहिले आणि मग त्यांनी एक हदीस सांगितली. आम्ही ती लहानपणी मदरशात ऐकली असेल, पण तिचा अर्थ त्या दिवशी लागला. बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून आली आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेले, कसलेले घोडे हफया या ठिकाणापासून सनिय्यतुल वदापर्यंत पळवले. ते अंतर पाच-सहा मैलांचं. आणि ज्या घोड्यांची तयारी झाली नव्हती, ते सनिय्यतुल वदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत, म्हणजे एक मैलभर. इब्न उमर त्या वेळी तरुण होते आणि ते स्वतः त्या शर्यतीत होते. अब्बा म्हणाले, ‘‘न शिकलेल्या घोड्याला घरी बसवलं नाही, आणि कसलेल्या घोड्यांबरोबरही जुंपलं नाही. त्याची शर्यत वेगळी ठेवली.’’ मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘तुम्हाला ट्रॅक्टर मी कोणत्या गिअरमध्ये शिकवला होता?’’

पहिल्या. लो मध्ये. संत्र्याच्या बागेत दोन ओळींच्या मधून, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. पाय क्लचवरून निसटला तरी ट्रॅक्टर झाडावर जाणार नाही, इतक्या हळू. आम्हाला तेव्हा लाज वाटायची, कारण शेजारच्या बागेतला आमच्याच वयाचा पोरगा हायमध्ये पळवायचा. त्याने दोन झाडं पाडली, पण ते वेगळं.

आता कामाची गोष्ट. गिअर सोपा करायचा तर दोन वाटा. पुढची गरारी लहान करा, नाहीतर मागची मोठी. पुढचा एक दात फार मोठी उडी मारतो. आमच्या हिशेबात पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे जवळपास चार दाते वाढवणं. शिवाय अशा क्लचमध्ये पुढची गरारी ड्रमलाच जोडलेली असते, बदलायची तर अख्खा ड्रम बदला. मागची चकती दोन अर्ध्या तुकड्यांची असते, बोल्ट काढले की धुरी न उतरवता निघते. म्हणून मागची बदलायची ठरली.

पण मोर्शीत काय, अमरावतीतही ती मिळेना. कार्टची चेन मोटरसायकलची नसते. आमच्या गाडीला पस्तीस नंबरची होती, दोन कड्यांतलं अंतर 9.525 मिलीमीटर, म्हणजे तीन अष्टमांश इंच. मोठ्या स्पर्धांतल्या कार्टना 219 नंबरची असते, ती याहूनही बारीक, 7.774 मिलीमीटर. मोटरसायकलची 428 नंबरची घ्याल तर 12.7. एकीची चकती दुसरीला चालत नाही. चुकून ओढूनताणून बसवली तर पहिल्याच फेरीत चेन तुटून पायाशी येते. नवीन पालक इथेच फसतात, म्हणून जुनी गाडी घ्यायला जाताना चेनचा नंबर आधी वाचा, मग रंग पाहा.

दुल्हेभाईंना फोन केला. आधी ऐकायला तयार नव्हते. ‘‘72 दाते? म्हणजे किती जाईल?’’ आम्ही सांगितलं, 72 भागिले 15 म्हणजे 4.8, टॉप साधारण 39. पलीकडे शांतता. मग, ‘‘माझी ॲक्टिव्हा याच्यापेक्षा जास्त पळते.’’ धाकट्याने फोन घेतला आणि एवढंच विचारलं, ‘‘दुल्हेभाई, तुमच्या शॉपमध्ये नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी कोणता कट देता?’’ ते शेवटी फोरमन आहेत. आठ दिवसांत त्यांनी आपल्याच शॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून 60, 66 आणि 72 दात्यांच्या तीन चकत्या कापून ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवल्या. दात्यांवर एक बुरसटपणा नव्हता. हात चांगला आहे त्यांचा.

72 बसवली. दाते वाढले म्हणून चेन लांब लागली, नवीन घेतली. चेन किती सैल ठेवायची याबद्दल गॅरेजात रोज वाद होतात. आम्ही मधोमध बोटाने वर-खाली अर्धा इंच खेळ ठेवला. मग पुढची आणि मागची गरारी एका रेषेत आहे की नाही, ते सरळ पट्टी लावून पाहिलं. चेन तिरकी पळाली की दात्यांची एक बाजू झिजते आणि चेन उतरते. मोठी चकती खाली जमिनीच्या किती जवळ येते, तेही बघावं लागतं. आमच्याकडे बोटभर जागा शिल्लक होती. वरून पत्र्याचं कव्हर केलं. आपाने कव्हर हलवून पाहिलं आणि आणखी एक बोल्ट मारायला लावला.

72 वर क्लचची पकड साडेएकवीसला येते. तो साडेबावीसला होता. म्हणजे आता वळणाच्या सगळ्यात हळू जागीही इंजिन त्याच्या पायाशी जोडलेलं राहणार. त्या सकाळी आम्ही ओरडायचं नाही असं ठरलं होतं. तो पट्ट्यावरून आला, ब्रेक, वळण, पेडल, आणि गाडी पायाबरोबर निघाली. जितका दाब, तितकी. झटका नाही, वास नाही. दुसऱ्या फेरीत त्याने तिथे जरा लवकर पाय दिला. तिसऱ्यात आणखी लवकर. दहाव्या फेरीला तो हेल्मेटच्या आत हसतोय हे दुरून कळत होतं, कारण डोकं हलत होतं.

54 वर त्याची चांगल्यात चांगली फेरी 29.4 सेकंदांची होती. 72 वर पहिल्याच सकाळी 27.1. टॉप तेरा किलोमीटरने कमी आणि फेरी सव्वादोन सेकंदांनी जास्त वेगवान. भाचीने हे पान फोटो काढून वडिलांना पाठवलं. उत्तरात दुल्हेभाईंनी फक्त अंगठा पाठवला, पण रात्री आपाला फोन करून पाऊण तास बोलले.

इथे एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून केली. पुढचे बारा दिवस गिअरला हात लावला नाही. जाणकार चालक ट्रॅकवर सकाळी एक चकती आणि दुपारी दुसरी लावतात, ते त्यांना शोभतं. त्यांची प्रत्येक फेरी सारखी असते, म्हणून बदल चकतीमुळे झाला की हातामुळे, ते त्यांना ओळखता येतं. शिकणाऱ्याची फेरी रोज स्वतःच बदलत असते. त्यात आपणही रोज दाते बदलले तर कशाने काय झालं, ते ना त्याला कळेल ना आपल्याला. मुलाची प्रगती होते आहे म्हणून बापाला लगेच नवीन भाग घ्यावासा वाटतो. हे आम्ही मोटरसायकलवाल्या पोरांच्या बापांतही पाहतो.

तेराव्या दिवशी तो गाडी थांबवून आमच्याकडे आला. म्हणाला, ‘‘मामू, पट्टा संपायच्या आधीच इंजिन रडायला लागतं. नुसतं रडतं, गाडी वाढत नाही.’’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने गव्हर्नर लागल्याचा आवाज ओळखला होता, कुणी न सांगता. भाचीने आधीच मोजून ठेवलं होतं. वळणावरचे दहा मीटर आता 1.4 सेकंदांत, म्हणजे ताशी पावणेसव्वीसच्या आसपास. 66 ची चकती लावली तर पकड साडेतेवीसला येणार होती, म्हणजे त्याच्या वेगाच्या आतच. आणि टॉप 42. लावली. पाना त्यालाच दिला. चारपैकी तीन बोल्ट त्याने आवळले आणि चौथा आम्ही तपासला. मग आपाने चारही पुन्हा तपासले.

तोच शेतकरी एका सकाळी जिनिंगवर पाणी मागायला आला आणि क्रेटवर बसून राहिला. म्हणाला, ‘‘पोट्टं आता बरं पयवते. आंधी कायले अडत होतं?’’ धाकटा म्हणाला, ‘‘आम्हीच अडवून धरलं होतं, काका.’’ त्यांनी तळेगाव दशासरच्या शंकरपटातली गोष्ट सांगितली. नव्या गोऱ्ह्यांना पहिल्या वर्षी पटावर फक्त फिरवून आणतात म्हणे, गर्दीची सवय व्हावी म्हणून. खरं-खोटं तेच जाणोत, पण भाच्याने तोंड उघडं टाकून ऐकलं.

जूनच्या सुरुवातीला ती सगळी कोल्हापूरला परत गेली. गाडी या वेळी टेम्पोने गेली आणि तिचं भाडं आपाच्या वहीत चढलं. पावसाळा संपल्यावर त्याला पहिल्यांदा मोकळ्या ट्रॅकवर, इतर मुलांबरोबर सराव मिळाला. त्या रविवारी जोहरनंतर त्याचा आवाजी संदेश आला. मागे इंजिनांचा गोंगाट.

‘‘मामू, अस्सलामु अलैकुम. इथला पट्टा लांब आहे. 66 वर अर्ध्यातच रडायला लागतं. सगळ्यात हळू वळणावर दीदीने मोजलं, तीस येतं. 60 लावली तर पकड सव्वीसच्या खाली येते ना? टॉप 46. अब्बू म्हणतात 54 लावू, पन्नास जाईल. मी म्हटलं, 54 वर पकड एकोणतीसला येते आणि माझा वेग तीस. दोन गाड्या पुढे असल्या आणि मला हळू व्हावं लागलं तर? तुम्ही अब्बूंना सांगा.’’

आम्ही दुल्हेभाईंना फोन लावला. ते उचलताच म्हणाले, ‘‘ठीक आहे, ठीक आहे, 60 लावतोय. पान्याला हात लावू देत नाहीये तो मला.’’